काका, नवीन कार्डं आली का?

मारुंजीत खेळाडूंच्या कार्डांचं वेगळं दुकान नाही. कार्डं मिळतात ती स्टेशनरीच्या दुकानात. झेरॉक्सचं मशीन, वह्यांचे गठ्ठे आणि वाढदिवसाच्या टोप्या यांच्यामधल्या हातभर जागेत. दर्शनी बाजूला पाकिटांची माळ टांगलेली असते, काउंटरच्या काचेखाली दोन-चार महागाचे टिनचे डबे असतात, आणि शाळेच्या बस लक्ष्मी चौकाकडून आत वळल्या की पुढचा तासभर दुकानदाराला एकच प्रश्न ऐकावा लागतो. गावातली मुलं विचारतात, "काका, नवीन कार्डं आली का?" सोसायटीतली मुलं विचारतात, "भैया, मॅच अटॅक्स है क्या?" काकाही तेच आणि भैयाही तेच.

या व्यापाराकडे मोठी माणसं गंभीरपणे बघत नाहीत. मला तो गंभीर वाटतो, कारण या खरेदीत गिऱ्हाइकाला माल दिसतच नाही. वही उघडून पानं बघता येतात, पेन कागदावर गिरवून बघता येतं, चेंडूचा टप्पा पाडून बघता येतो. कार्डांचं पाकीट मात्र पैसे दिल्यावरच फोडायचं. आत कोहली निघेल की आधीच दोनदा आलेला तोच राखीव यष्टिरक्षक निघेल, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणजे गिऱ्हाइकाला पारखता येते ती फक्त दुकानदाराची वागणूक. आणि गिऱ्हाईक असतं नऊ-दहा वर्षांचं, मूठ घट्ट मिटून आलेलं.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातलं गाव, हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कला खेटलेलं. वीसेक वर्षांपूर्वी इथे शेतं होती. आता कासारसाईच्या रस्त्याने जाताना दोन्ही अंगांनी मजले दिसतात. जांबे आणि मारुंजी मिळून वसलेली लाइफ रिपब्लिकसारखी अख्खी वसाहत आहे, कॉलेजं आहेत, पीजी आहेत. रस्त्याकडेचे गाळे बहुतेक गावकऱ्यांचे, आणि गाळ्यात बसलेला दुकानदार बाहेरून आलेला, कुणी राजस्थानातून, कुणी मराठवाड्यातून. गिऱ्हाइकंही तशीच, देशभरातून आलेल्या नोकरदारांची मुलं. या मुलांना आजोळची आळी नाही, वाड्याचं अंगण नाही, गल्लीच्या टोकाचा पार नाही. सोसायटीच्या आवारात सुरक्षारक्षक, बाहेर डंपर आणि कंपन्यांच्या बस. पायी जाता येईल आणि आईवडिलांशिवाय व्यवहार करता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे गेटसमोरचं स्टेशनरीचं दुकान.

खेळाडूंची चित्रं विकण्याचा धंदा जुना आहे. इंग्लंडातल्या विल्स कंपनीने 1896 साली सिगारेटच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची 50 कार्डांची मालिका काढली होती. कार्डाचा मूळ उपयोग सिगारेटचं मऊ पाकीट ताठ ठेवण्याचा. चित्रामुळे गिऱ्हाईक त्याच कंपनीला धरून राहतं, हे नंतर लक्षात आलं. अमेरिकेत हेच बेसबॉलचं झालं, आणि सिगारेटची जागा पुढे बबलगमने घेतली. आपल्याकडेही सत्याऐंशीच्या रिलायन्स विश्वचषकाच्या आगेमागे 'बिग फन' बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यांवर धावा आणि विकेटा छापलेल्या असायच्या, ठरलेली बेरीज जमली की बक्षीस. त्याच विश्वचषकातला इंग्लंड-श्रीलंका सामना 30 ऑक्टोबर 1987 रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर झाला. ज्यांना बबलगम परवडत नसे, ती मुलं वर्तमानपत्रांतली कात्रणं वहीत चिकटवत, आणि संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'मधली पोस्टरं कपाटाच्या दारावर.

नव्वदच्या दशकात ट्रंप कार्डांचा जमाना आला. आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कुठल्याही मराठी माणसापुढे टीव्हीवरच्या कुस्तीतल्या जायंट गोन्झालेसची उंची किंवा योकोझुनाचं वजन काढून बघा, चेहरा खुलतो. पत्ते वाटायचे, आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याने दोन्ही पत्ते न्यायचे. कागद सुमार, छपाई कुठल्या तरी लहान प्रेसमधली, कंपनीचा परवाना वगैरे भानगड बहुधा नसायचीच. पण त्यात एक गोष्ट सरळ होती: पैसे दिले की पूर्ण कॅट हातात. न्यूयॉर्कच्या टॉप्स कंपनीची 'क्रिकेट अटॅक्स' आणि 'स्लॅम अटॅक्स' ही कार्डं नंतर आपल्या दुकानांत आली, इटलीतल्या मोदेना शहरातल्या पानिनीचे स्टिकर आले, आणि हिशोबच बदलला. आता कॅट विकत मिळत नाही. पाकीट मिळतं, आणि नशीब.

हे नशीब किती महाग पडतं ते एकदा मांडून बघण्यासारखं आहे. कतारच्या 2022च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पानिनीने काढलेल्या अल्बममध्ये 670 स्टिकर होते, एका पाकिटात पाच. प्रत्येक स्टिकर सारख्याच प्रमाणात छापला आहे असं धरलं आणि एखाद्या मुलाने कुणाशीही अदलाबदल न करता एकट्याने अल्बम पुरा करायचा म्हटला, तर सरासरीने सुमारे 4,750 स्टिकर विकत घ्यावे लागतात. म्हणजे साधारण 950 पाकिटं. त्यातलं शेवटचं एक घर भरायलाच सरासरी 134 पाकिटं लागतात, कारण तोवर हाती येणारा जवळजवळ प्रत्येक स्टिकर आधीच आलेला असतो. दोन मैत्रिणींनी डबल आलेले स्टिकर एकमेकींना देत दोन अल्बम भरायचे ठरवले, तर प्रत्येकीचा आकडा तीन-सव्वातीन हजारांवर येतो. चौथी, पाचवी, दहावी मैत्रीण आली की तो आणखी उतरतो.

या गणितामुळेच कार्डांच्या दुकानाची पायरी काउंटरइतकी महत्त्वाची होते. पाकीट फोडायचं ते दुकानासमोरच. मुलं फोडताना वरचं टोक दातांनी कुरतडत नाहीत, आतलं कार्ड दुमडेल म्हणून. पाकीट हलवून कार्डं खाली सरकवतात आणि मग शिवणीच्या कडेने नखाने चीर देतात. पहिल्यांदा कार्डाची पाठ बघायची, कारण चकाकणारं कार्ड असलं तर कडेनेच कळतं. मग एकेक सरकवत, ओठ हलवत नावं वाचायची. 'डबल', 'डबल', 'आहे माझ्याकडे', आणि एकदम आवाज चढतो, "शायनिंग आलं!" आजूबाजूची चार डोकी लगेच जवळ येतात. चकाकणाऱ्या कार्डाला हात लावायचा नाही, धरायचं तर कडेने धरायचं, हा नियम कुणी शिकवलेला नसतो, पण सात वर्षांच्या मुलालाही पाठ असतो. त्यानंतर देवाणघेवाण सुरू होते. एका शायनिंगला साधी तीन की चार, यावर होणारी घासाघीस बघितली की ही मुलं व्यवहारात कच्ची आहेत असं म्हणवत नाही.

ही घासाघीस दुकानाच्या दारात होऊ देणारे दुकानदार आणि "चला, गर्दी करू नका, गिऱ्हाइकांना वाट द्या" म्हणून हाकलणारे दुकानदार, हा माझ्या मते पहिला आणि सर्वांत मोठा फरक. हाकलणाऱ्याला वाटतं, मुलं आपसात कार्डं बदलू लागली तर पाकिटं कमी खपतील. ते खोटं आहे. एकट्या मुलाचा उत्साह पाचव्या डबलला संपतो. बदलायला कुणी असलं की डबललाही किंमत येते आणि नवं पाकीट घ्यायला कारण मिळतं. ज्याने पायरी मोकळी सोडली, त्याच्याकडे मुलं वहीही घेतात, प्रोजेक्टचा कार्डशीटही घेतात, आणि आईला घेऊन येतात.

दुसरी गोष्ट पाकीट निवडण्याची. माळेतलं कुठलं पाकीट घ्यायचं ते मुलांना स्वतः ठरवायचं असतं. ती पाकिटं चिमटीत धरून चाचपतात, जाड लागतं ते निवडतात. हे वेड जगभर आहे. अमेरिकेत तर जाड किंवा चकाकी असलेल्या कार्डांमुळे पाकिटाच्या वजनात पडणारा फरक ओळखण्यासाठी नाजूक वजनकाटे वापरणारे लोक आहेत, आणि तिथले चांगले दुकानदार त्याला थारा देत नाहीत, कारण वजन करून उरलेली पाकिटं पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं म्हणजे शुद्ध फसवणूक. आपल्याकडे काटा नसतो, बोटं असतात. दुकानदाराने माळ पुढे करून "घे, तूच काढ, पण दाबू नकोस" असं सांगितलं तर पोरगं ऐकतं. मोठ्याने खेकसून हातात एक पाकीट कोंबलं आणि त्यात सगळी डबल निघाली, तर ते दिवसभर त्या दुकानदाराला दोष देतं, आणि मला त्याचं चूक वाटत नाही.

तिसरी गोष्ट सुट्ट्या पैशांची, आणि इथे मला राग येतो. पंधरा रुपयांचा माल, वीसची नोट, आणि पाच रुपयांऐवजी हातात टेकवलेली दोन चॉकलेटं. मोठ्या माणसाला असं दिलं तर तो भांडतो. मूल काही बोलत नाही. ते चॉकलेटाकडे बघतं, मग नोटेकडे, आणि निघून जातं. त्या पाच रुपयांवर उद्याच्या पाकिटाचा बेत उभा होता, हे काउंटरच्या पलीकडून दिसत नाही. यूपीआय आल्यापासून ही अडचण आणखी वाढली आहे, कारण गल्ल्यात चिल्लरच नसते आणि मुलांकडे फोन नसतो. काही दुकानदारांनी यावर मार्ग काढला आहे. मुलाकडून आईचा नंबर घेऊन फोन लावतात, आई ऑफिसातून पैसे पाठवते, काउंटरवरचा डबा रक्कम ओरडून सांगतो, आणि पाकीट मिळतं. काहींनी वहीत मुलांची नावं लिहून पाच-दहा रुपये जमा धरण्याची जुनी पद्धत चालू ठेवली आहे. हिंजवडीच्या दारात, जिथे सगळं जग स्क्रीनवर चालतं, तिथे नऊ वर्षांच्या गिऱ्हाइकाच्या नावाने वहीत सात रुपये जमा लिहिलेले असणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर हे गिऱ्हाईक विचित्र जागी उभं आहे. 1872च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षमच नाही, आणि मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. तरी रोज संध्याकाळी गावोगावच्या काउंटरांवर हेच अज्ञान पक्षकार व्यवहार करत असतात. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र त्यांची दखल घेतली आहे. ग्राहक अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आईवडील किंवा पालक तक्रार करू शकतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदल्या आहेत. बिलावर मुदत लिहिली नसेल तर परताव्यासाठी 30 दिवस धरले जातात. म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावली म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. डबल कार्ड निघणं हा दोष नव्हे, हे मुलांनाही मान्य असतं. पण पाकिटावर पाच लिहून आत चार निघाली, किंवा पाकीट आधीच फोडून पुन्हा चिकटवलेलं निघालं, तर तो दोषच आहे. पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हाही गुन्हा आहे, मग माल कितीही 'शॉर्ट' असो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

वीस रुपयांसाठी आयोगाकडे कोण जाणार, हा प्रश्न मला ठाऊक आहे. पण बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती याच पुण्यात, आणि त्या चळवळीचा पाया रोजच्या किराणा-भुसारातली फसवणूक रोखण्यावरच होता. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसायची सवय लागते ती याच वयात लागते.

नकली मालाचा भाग वेगळा आहे. होलसेलचा माल रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, अप्पा बळवंत चौकातून, पिंपरी कॅम्पातून येतो, आणि त्यात खरं-खोटं मिसळलेलं असतं. सोनेरी मुलामा दिलेली, एकेक कार्ड 'दुर्मीळ' म्हणून विकली जाणारी स्वस्त पाकिटं दिसायला झगझगीत असतात. जवळून बघितलं की फरक कळतो. चेहऱ्याच्या कडा पुसट, रंग भडक, खेळाडूच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक, मागच्या आकड्यांचा पत्ता नाही. पाकीट उलटं करावं: बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा नाव-पत्ता, आतली संख्या, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं तिथे असायला हवं. नियमच तसा आहे. काही घरांत कार्डांकडे गुंतवणूक म्हणून बघायला सुरुवात झाली आहे, तिथे तर हे नक्कीच तपासावं. त्याला कारण परदेशातल्या बातम्या. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं 1952चं टॉप्स कार्ड ऑगस्ट 2022मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 100 कोटी रुपयांना गेलं. त्याच 1952च्या मालिकेतली न खपलेली कार्डं कंपनीच्या साय बर्जर यांनी 1960 साली पडावात भरून समुद्रात बुडवली होती. कार्डं दुर्मीळ झाली त्याचं हे एक कारण. आपल्या मुलांच्या हातातली कार्डं लाखोंनी छापली जातात, त्यामुळे म्हातारपणी ती विकून घर घेता येईल असं त्यांना सांगणं हा अन्याय आहे. कार्डावर खेळाडू आहे, एवढं पुरेसं आहे.

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. पाकिटामागे त्याला सुटतात ते मोजके पैसे. हंगाम संपला की माळ पडून राहते, नवी मालिका आली की जुनीला कुणी हात लावत नाही, आणि परतीची सोय बहुतेक वेळा नसते. त्यात आता दहा मिनिटांत घरी माल पोचवणारी ॲपं आली आहेत. अर्जेंटिनात 2022च्या विश्वचषकाआधी हाच तंटा पेटला होता. स्टिकरांचा तुटवडा पडला, आणि पाकिटं सुपरमार्केट आणि ॲपकडे जातात, आमच्या टपऱ्या कोरड्या राहतात, अशी तक्रार टपरीवाल्यांच्या संघटनेने केली. शेवटी सप्टेंबरमध्ये सरकारच्या व्यापार खात्याने पानिनी आणि टपरीवाले यांना एका टेबलाशी बसवलं. अमेरिकेत याच्या उलट टोक दिसलं. मे 2021मध्ये एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं, आणि टार्गेट या मोठ्या साखळीने काही काळ दुकानांतली कार्डविक्रीच बंद केली. मोठ्या दुकानाला गिऱ्हाइकाचं नाव माहीत नसतं. मारुंजीतल्या स्टेशनरीवाल्याला कुठल्या मुलाला बुमराह हवा आहे आणि कुणाकडे तो डबल आहे, हे तोंडपाठ असतं; तो दोघांची गाठ घालून देतो आणि त्याबद्दल काही घेत नाही. ही सेवा कुठलंच ॲप देत नाही.

या परिसराला क्रिकेटची वानवा नाही. गहुंजेचं महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं मैदान इथून जवळ, द्रुतगती महामार्गाच्या कडेला. 2023च्या विश्वचषकातले पाच सामने तिथे झाले, आणि 19 ऑक्टोबरला बांगलादेशाविरुद्ध कोहलीने तिथेच नाबाद 103 केल्या. ऋतुराज गायकवाड तर पिंपरी-चिंचवडचाच, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. नोव्हेंबर 2022मध्ये विजय हजारे करंडकात त्याने एका षटकात सात षटकार मारले, नो-बॉलसकट, आणि 2024मध्ये तो चेन्नईचा कर्णधार झाला. त्याचं कार्ड आलं की इथली मुलं ते बदलायला काढत नाहीत. "आपल्या इथला आहे" एवढंच सांगतात. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून सांगलीच्या स्मृती मानधनाचं कार्ड मागणाऱ्या मुलींना दुकानदाराने "नाही येत" म्हणून परत पाठवू नये, होलसेलवाल्याकडे मागणी तरी नोंदवावी.

आणि मुळशी तर कुस्तीचा तालुका. इथल्या मुलांना अंडरटेकर माहीत आहे, पण जानेवारी 2023मध्ये पुण्यात कोथरूडला महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरी झालेल्या शिवराज राक्षेचं कार्ड कुणाच्या डब्यात नाही. तो राजगुरुनगरकडचा, म्हणजे चाकणच्या पलीकडचाच. उंची, वजन, गाजवलेली मैदानं, चीतपट केलेल्या कुस्त्या, आवडता डाव: ट्रंप कार्डाला लागतात ते सगळे आकडे आपल्या मल्लांकडे आहेत. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात चार रंगी छपाई आणि खोकी बनवणारे कारखाने पायलीला पन्नास आहेत. मल्लांची परवानगी आणि त्यांचा वाटा रीतसर देऊन 32 पत्त्यांचा एक पूर्ण कॅट काढता येईल, नशिबाचा भाग नको असेल तर बंद पाकीटही नको. यात्रांच्या हंगामाआधी, माघ-फाल्गुनात, तो मारुंजीच्या स्टेशनरीच्या दुकानात लावून बघावा. विकत घ्यायला मुलं आहेत, आणि कुठल्या मल्लाचं कार्ड कुणाला हवं ते लक्षात ठेवायला काका आहेत.